अमृतसरच्या तंबूंपासून आपल्या बचत गटापर्यंत



आपल्याकडं कुणी जरा वेगळं वागलं, एकटंच पुटपुटलं, रात्र रात्र जागलं, की लोक पटकन बोलून मोकळे होतात, “ह्याला आता येरवड्याला धाडा.” मुंबईकडं म्हणतात ठाण्याला, कोकणात म्हणतात रत्नागिरीला. ही तर गावांची नावं, पण आपण ती टोमण्यासारखी वापरतो. कारण आपल्या राज्यातली सरकारची जुनी मनोरुग्णालयं येरवडा, ठाणे, रत्नागिरी आणि नागपूर ह्या चार ठिकाणी आहेत, आणि चारही इंग्रजांच्या काळातली. नाव काढलं की उंच भिंत आणि भलंमोठं कुलूप डोळ्यांपुढं येतं. तिथं आज कितीतरी माणसं बरी होऊन घरी जातात, पण ते कुणाच्या तोंडी नसतं.

आज आम्ही तुम्हाला त्या भिंतीची गोष्ट सांगणार आहोत. भिंतीच्या आत कोंडलेलं शहाणपण हळूहळू बाहेर कसं आलं, डॉक्टरच्या हातातून घरच्यांच्या, मास्तरांच्या, आशाताईंच्या आणि आपल्यासारख्या बायकांच्या हाती कसं पोचलं, त्याची. ही गोष्ट साठ-सत्तर वर्षांची आहे. ऐकताना एकच गोष्ट पदराला गाठ मारून ठेवा. जिथं लोकांना शिकवलं आणि शिकवल्यावर त्यांच्या पाठीशी कुणीतरी उभं राहिलं, तिथं काम झालं. जिथं नुसता भार टाकला, तिथं माणसं खचली.

कुलपाचा काळ

१९१२ साली इंग्रज सरकारनं वेडेपणाचा कायदा केला. त्या कायद्याला माणूस बरा कसा होईल ह्याची फारशी फिकीर नव्हती. तो मोकळा फिरून कुणाला त्रास देऊ नये, ही फिकीर जास्त. बहुतेक वेळा दाखल करायचं तर मॅजिस्ट्रेटचा हुकूम लागायचा. आजारी माणूस आणि गुन्हेगार ह्यांची वाट एकाच कचेरीतून जायची. विशेष म्हणजे देश स्वतंत्र झाला तरी हाच कायदा चालू राहिला. त्याच्या जागी केलेला नवा कायदा १९८७ चा, आणि तो लागू झाला १९९३ मध्ये. म्हणजे इंग्रज गेल्यावरही सेहेचाळीस वर्षं आपण त्यांच्याच कुलपात होतो.

आता जरा हिशेब करू. १९४६ साली भोर समितीनं देशाच्या आरोग्याचा मोठा अहवाल दिला. तेव्हा देशाची लोकसंख्या सुमारे चाळीस कोटी, आणि मनोरुग्णालयातल्या खाटा सुमारे १०,०००. म्हणजे चाळीस हजार माणसांमागं एक खाट. एका खाटेच्या वाट्याला आपल्यासारखी वीस-पंचवीस गावं.

मग बाकीची आजारी माणसं कुठं होती? घरातच होती. त्यांना भरवणारी, न्हाऊ घालणारी, रात्री उठून दाराची कडी बघणारी कुणीतरी आई, बायको, बहीण किंवा सून होती. मनाच्या आजाराची सगळ्यात जास्त सेवा ह्या देशात घरातल्या बाईनं केली. तिला हा आजार काय आहे, एवढं मात्र कुणी कधी सांगितलं नाही. तिच्या वाट्याला आलं ते बोलणं, की हिनंच काहीतरी खायला घातलं, हिच्याच पायगुणानं झालं.

तंबूतली शाळा

ही रीत पहिल्यांदा मोडली ती पंजाबात, अमृतसरला. फाळणी झाली तशी माणसांची वाटणी झाली, आणि मनोरुग्णांचीही झाली. लाहोरच्या मनोरुग्णालयातले हिंदू आणि शीख रुग्ण १९५० च्या सुमारास अमृतसरला आणले गेले. माणसं जास्त, जागा कमी, नोकरमाणसं त्याहून कमी. ह्या रुग्णालयाचे प्रमुख होते डॉ. विद्यासागर.

विद्यासागरांनी एक साधी पण तेव्हा कुणाच्या मनातही न आलेली गोष्ट केली. रुग्णालयाच्या आवारात तंबू ठोकले आणि घरच्यांना सांगितलं, तुम्ही माणूस सोडून जाऊ नका, त्याच्याजवळ राहा. तोवर रीत अशी होती, की नातेवाईक रुग्णाला फाटकापर्यंत आणायचे आणि तोंड लपवून परत फिरायचे. पुष्कळजण पुन्हा येतच नसत. इथं आई मुलाजवळ राहिली, नवरा बायकोजवळ राहिला.

आणि रोज त्या आवारात एक शाळा भरू लागली. डॉक्टर सगळ्यांना गोळा करून बसायचे, रुग्णांनाही आणि घरच्यांनाही, आणि तासन्‌तास बोलायचे. हा आजार काय असतो, औषध का घ्यायचं, त्याच्याशी कसं बोलायचं, आपल्याला राग आला तर काय करायचं. बोलणं लोकांच्या भाषेत, त्यांच्या ओळखीच्या धार्मिक कथांचे दाखले देत. नवीन आलेले लोक बरं होत आलेल्या माणसाला बघायचे आणि त्यांचा जीव भांड्यात पडायचा.

त्याच दशकात औषधाचीही जोड मिळाली. १९५२ साली फ्रान्समध्ये क्लोरप्रोमाझिन नावाच्या औषधाचा गुण ध्यानात आला. भास होणं, फार खवळणं हे त्यानं उतरू लागलं. आधी असं औषधच नव्हतं. आता घरी नेऊन सांभाळता येईल अशी आशा वाटू लागली. पण गोळी रोज देणार कोण? घरचं माणूस. म्हणून घरच्या माणसाला शिकवणं हे औषधाइतकंच महत्त्वाचं ठरलं.

तिकडं दक्षिणेत वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजनं १९५७ साली मनोविकारांचं केंद्र काढलं, तेव्हा पहिल्यापासून रुग्णासोबत घरचं एक माणूस राहील अशीच पद्धत ठेवली. पुढं बंगळूरुलाही घरच्यांसह राहण्याचा वॉर्ड झाला.

ह्याच काळात अमेरिकेत काय चाललं होतं बघा. १९४८ साली तिथल्या फ्रीडा फ्रॉम-राइखमान नावाच्या डॉक्टरबाईंनी असं मत मांडलं, की स्किझोफ्रेनिया हा मोठा आजार आईच्या वागण्यातून होऊ शकतो. हे मत वीस-तीस वर्षं चाललं. कितीतरी आया स्वतःला गुन्हेगार समजत जगल्या. पुढं संशोधनातून कळलं, की ह्या आजारामागं जन्मजात ठेवण, मेंदूतले बदल, आयुष्यातले ताण अशी पुष्कळ कारणं एकत्र असतात, आणि आईला दोष देणारं ते मत मागं पडलं. मोठ्या शिकलेल्या लोकांनी आईला दोष द्यावा, आणि त्याच वेळी अमृतसरच्या तंबूत एका डॉक्टरनं त्याच आईला जवळ बसवून शिकवावं! बायांनो, आपल्या गावात आजही कुणी सुनेच्या पायगुणावर बोट ठेवलं, तर तिला ही गोष्ट जरूर सांगा.

रुग्णालय गावात आलं

तंबूत शिकलेलं घर बरं चाललं. पण जे कुटुंब शहरापर्यंत येऊच शकत नाही, त्याचं काय? एस.टी.चं भाडं, बुडालेली मजुरी, आणि सोबत खवळलेला माणूस. ह्या प्रश्नावर १९७५ च्या सुमारास दोन ठिकाणी काम सुरू झालं. एक हरियाणातल्या रायपूर रानी भागात, चंदीगडच्या मोठ्या सरकारी रुग्णालयाचे डॉ. एन. एन. विग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. दुसरं बंगळूरुजवळच्या सकलवाड्याला, निम्हान्स ह्या संस्थेनं.

दोन्हीकडं एकच विचार होता. गावात आधीच फिरणाऱ्या नर्सबाई आणि आरोग्यसेवक आहेत. ते मलेरियाच्या गोळ्या देतात, लसी टोचतात. त्यांना फिट येणं, भास होणं, खोल उदासी ही लक्षणं ओळखायला शिकवली तर? प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या साध्या डॉक्टरला चार-पाच नेमकी औषधं द्यायला शिकवली तर? करून बघितलं, आणि जमलं. त्याच अनुभवावर ऑगस्ट १९८२ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आला. जगात अगदी थोड्या देशांकडं तेव्हा असा कार्यक्रम होता. १९८५ पासून कर्नाटकातल्या बळ्ळारी जिल्ह्यात तो पूर्ण जिल्हाभर चालवून पाहिला, आणि १९९६ मध्ये देशातल्या चार जिल्ह्यांपासून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. आज आपल्या जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभाग दिसतो, तो ह्याच वाटेनं आलेला आहे.

कागदावर कार्यक्रम सुरेख होता. पण कागद आणि गाव ह्यांच्यात अंतर असतं, हे आपल्याला कुणी सांगायला नको. डॉक्टरांच्या जागा रिकाम्या, गोळ्या संपलेल्या, शिकवलेल्या माणसाची बदली झालेली. ह्या अंतरात माणसं कशी होरपळतात, ते सगळ्या देशानं २००१ साली पाहिलं.

साखळी

तमिळनाडूत रामनाथपुरम जिल्ह्यात एरवाडी नावाचं गाव आहे. तिथल्या दर्ग्यावर बरं वाटतं अशा श्रद्धेनं लांबलांबून लोक मनाच्या आजाराची माणसं घेऊन येत. आसपास खाजगी आसरे झाले होते. पैसे घेऊन माणसं ठेवून घ्यायची आणि पळून जाऊ नयेत म्हणून साखळीनं बांधायची. ६ ऑगस्ट २००१ ला पहाटे अशाच एका आसऱ्याच्या झापांच्या शेडला आग लागली. माणसं बांधलेली होती. त्यांना पळता आलं नाही. २८ जण गेले.

आम्ही ही गोष्ट रेडिओवर सांगतो तेव्हा पहिला प्रश्न येतो, “घरच्यांनी असं कसं सोडलं?” प्रश्न बरोबर आहे, पण अर्धा आहे. उरलेला अर्धा असा, की त्या घरच्यांना आजार कुणी समजावला होता? औषध किती मैलांवर होतं? रात्रंदिवस जागणाऱ्या बाईला चार दिवस विसावा देणारं कुणी होतं का? श्रद्धा असणं हा दोष नाही. जवळ डॉक्टर नाही, शिकवायला कुणी नाही, आणि शेजारीपाजारी तोंड फिरवतात, तेव्हा माणूस जिथं आशा दिसेल तिथं जातो.

एरवाडीनंतर सर्वोच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली. पुढं २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा झाला आणि २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्यातल्या तीन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत. एक, मनाच्या आजाराच्या माणसाला कोणत्याही प्रकारे साखळीनं बांधायला बंदी आहे. दोन, सरकारी यंत्रणेकडून मानसिक उपचार मिळणं हा हक्क आहे, आणि दारिद्र्यरेषेखालच्यांना ते मोफत मिळायला हवेत. तीन, कुणी जीव द्यायचा प्रयत्न केला, तर तो माणूस प्रचंड ताणाखाली होता असं कायदाच धरून चालतो. आधार देणं, उपचार करणं हे सरकारचं काम आहे. म्हणून पोलिसांच्या भीतीनं असा माणूस घरात लपवून ठेवू नका, दवाखान्यात न्या.

घरच्यांना कोण सांभाळतं?

महाराष्ट्रात ह्या प्रश्नाला पहिल्यांदा नीट हात घालणाऱ्यांत एक बाई होत्या. येरवड्याच्या मनोरुग्णालयात डॉ. अनिता अवचट काम करत. व्यसनात बुडालेली तरुण मुलं त्यांच्याकडं येऊ लागली. १९८६ साली त्यांनी आणि लेखक अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीनं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभं केलं, तेही त्याच रुग्णालयाच्या आवारात. तिथं ध्यानात आलं, की दारू पिणारा एक असतो आणि आजारी पडतं सगळं घर. म्हणून बायकांसाठी वेगळा गट निघाला, सहचरी. नवरा सुधारेल तेव्हा सुधारेल, तोवर ह्या बाईनं जगायचं कसं, मुलांना काय सांगायचं, स्वतःची लाज कशी टाकायची, हे बायका बायकांशी बोलतात. ज्याचं जळतं त्यालाच कळतं, हे तिथं औषधासारखं कामी आलं.

दुसरं नाव डॉ. जगन्नाथ वाणी यांचं. कॅनडात संख्याशास्त्र शिकवणारे प्राध्यापक. त्यांच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया झाला आणि सांभाळणाऱ्याच्या वाट्याला काय येतं, ते त्यांनी स्वतः भोगलं. त्यांनी पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली. तिथं घरच्यांचे गट भरतात. २००४ साली आलेला सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘देवराई’ हा चित्रपटही ह्याच धडपडीतून झाला. भावाच्या आजारात बहिणीची होणारी ओढाताण त्यात दिसते. गटाच्या बैठकीत एकदा जरूर बघा.

शाळेत काय झालं?

घरानंतर मूल सगळ्यात जास्त वेळ शाळेत असतं. तेव्हा मास्तरांना आणि बाईंना मनाविषयी शिकवावं, हा विचार आपल्याकडं १९७० च्या दशकातच आला. बंगळूरुच्या निम्हान्समध्ये डॉ. मालविका कपूर यांनी शिक्षकांना मुलांशी कसं बोलावं, अडचण कशी ओळखावी ह्याचं प्रशिक्षण द्यायला सुरुवात केली.

शाळेतून काय घडू शकतं, त्याचं एक सुंदर उदाहरण पाकिस्तानातलं आहे. रावळपिंडीच्या खेड्यांतल्या हायस्कुलांत शिक्षकांकडून मुलांना चार महिने मनाच्या आरोग्याविषयी शिकवलं. मग मुलांना, त्यांच्या आई-वडिलांपैकी एकाला, शाळेत न जाणाऱ्या मित्राला आणि शेजाऱ्याला प्रश्न विचारले. १९९८ साली त्याचा निष्कर्ष आला. ज्ञान मुलांचं वाढलं, ते वाढणारच. पण घरच्यांचं, मित्रांचं आणि थोडंफार शेजाऱ्यांचंही वाढलं. दप्तरातून वही घरी जाते तशी ही समजही घरी गेली. 

आता दुसरी बाजू ऐका. बिहारच्या नालंदा जिल्ह्यात ७४ सरकारी हायस्कुलांत एक मोठा प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०१८ साली आले. काही शाळांत मुलांच्या मनाच्या आरोग्याचं काम एका वेगळ्या नेमलेल्या समुपदेशकाला दिलं. तो काही मोठा तज्ज्ञ नव्हता, साधा शिकवून तयार केलेला माणूस होता. काही शाळांत तेच काम तिथल्याच एका शिक्षकाला दिलं. उरलेल्या शाळांत फक्त नेहमीचे तास. आठ महिन्यांनी काय दिसलं? समुपदेशक असलेल्या शाळांत वातावरण सुधारलं, मुलांची उदासी कमी झाली, एकमेकांना छळणं आणि मारामारी कमी झाली. शिक्षकाकडं काम दिलेल्या शाळांत मात्र नेहमीच्या शाळांपेक्षा फरक दिसला नाही.

ह्यावरून मास्तर निकामी असं कुणी म्हणू नये. आपल्या शाळेतल्या बाईंकडं बघा. शिकवायचं, पोषण आहाराची नोंद, ऑनलाइन माहिती, निवडणुकीचं काम, जनगणना. त्यावर हे आणखी एक. शिवाय ज्या माणसाच्या हातात मार्क आणि छडी आहे, त्याला मूल आपल्या घरातलं दुखणं सांगायला कचरतं. रावळपिंडीत शिक्षकांनी शिकवलं, म्हणजे त्यांचंच काम केलं, आणि ते साधलं. नालंद्यात शिकवण्यापलीकडचं सगळं काम शिक्षकाच्या डोक्यावर आलं, ते साधलं नाही. आमच्या मते शाळेनं तीन गोष्टी कराव्यात: बदल ओळखावा, मुलाला चारचौघांत टाकून बोलू नये, आणि पुढं कुणाकडं पाठवायचं ते माहीत असावं. पुढचं काम करायला वेगळं माणूस हवं. शाळा व्यवस्थापन समितीत आपल्या बायका असतात. हा प्रश्न तिथं मांडायचा.

बायकांचे गट आणि मनाचा भार

आता आपल्याकडं येऊ. झारखंड आणि ओडिशाच्या आदिवासी भागात एकजुट नावाच्या संस्थेनं २००५ ते २००८ मध्ये बायकांच्या गटांबरोबर काम केलं. महिन्याला एक बैठक. गावातलीच एक बाई बैठक घ्यायची. चित्रं, गोष्टी, खेळ ह्यांतून बायका ठरवायच्या, की आपल्या गावात बाळंतपणात काय अडचणी आहेत आणि आपण काय करायचं. काम होतं तान्ही बाळं वाचवण्याचं. ती वाचली. तीन वर्षांत बालमृत्यू बऱ्याच प्रमाणात उतरले. पण त्याबरोबर आणखी एक गोष्ट दिसली. तिसऱ्या वर्षी गट असलेल्या गावांत आयांमधली मध्यम स्वरूपाची उदासी ५७ टक्क्यांनी कमी होती. तिथं कुणी मानसोपचार केले नव्हते. बायका एकत्र बसल्या, बोलल्या, अडचणीला एकमेकींच्या धावून गेल्या.

रावळपिंडीतच डॉ. आतिफ रहमान यांनी गावातल्या आरोग्यसेविकांना शिकवून उदास असलेल्या गरोदर बायकांच्या घरी भेटी द्यायला लावल्या. बोलणं बाळाच्या निमित्तानं व्हायचं, सासूलाही सोबत घ्यायचे. बाळ सहा महिन्यांचं झालं तेव्हा ह्या भेटी न मिळालेल्या बायकांत १०० पैकी ५३ अजून उदास होत्या. भेटी मिळालेल्यांत २३. त्या आरोग्यसेविकांना महिन्यातून एकदा एकत्र बसून स्वतःच्या अडचणी मांडायला जागा दिलेली होती, हे विसरू नका.

आपल्या शेजारी गोव्यात संगाथ संस्थेनं तज्ज्ञ नसलेल्या स्थानिक पदवीधरांना दोन महिन्यांचं प्रशिक्षण देऊन दवाखान्यात समुपदेशनाला बसवलं. २०१० साली निष्कर्ष आला. सरकारी आरोग्य केंद्रांत अशी मदत मिळालेले १०० पैकी ६६ जण सहा महिन्यांत बरे झाले, न मिळालेल्यांत ४२-४३. तिथंही बायका “मी उदास आहे” म्हणून आल्या नव्हत्या. अंग दुखतं, थकवा येतो, झोप नाही, हेच सांगत आल्या होत्या. आपण नाही का म्हणत, जिवाला चैन नाही, हातापायाची आग होते?

आणि आपला विदर्भ. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत विश्राम नावाचा प्रकल्प झाला. गावातल्याच माणसांना शिकवून घरोघर पाठवलं. आधी उदासीचा आजार असलेल्या १०० पैकी जेमतेम ४ जण कुणाकडं मदत मागत होते. दीड वर्षानं २७ जण मागू लागले. जीव द्यावासा वाटतो म्हणणारेही कमी झाले. नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यात ४१ गावांत आत्मीयता प्रकल्पानं गावातल्या बायका-पुरुषांना तयार केलं. मोबाइलवर छोट्या फिल्मा दाखवायच्या, दुःखात असलेल्याचं ऐकायचं, सरकारी योजनेचा कागद मिळवून द्यायलाही मदत करायची. कारण पोटाचा प्रश्न आणि मनाचा प्रश्न वेगळे नांदत नाहीत.

आता आपण

भिंतीपासून निघालेली गोष्ट इथं आपल्या ओट्यावर आली. आता काही कामाचं बोलू.

झोप, भूक, कामातलं मन, माणसांशी बोलणं. ह्या चारांत दोन आठवड्यांहून जास्त बिघाड दिसला, तर त्या बाईजवळ जाऊन बसा. सल्ला देऊ नका, आधी ऐका. कुणी मरणाची भाषा केली तर सरळ विचारा, “जीव द्यावासा वाटतो का?” विचारल्यानं विचार डोक्यात घुसत नाही, उलट मन मोकळं होतं. तिला एकटी सोडू नका, फवारणीचं औषध घरातून हलवा, दवाखान्यात न्या. डॉक्टरनं दिलेल्या गोळ्या बरं वाटलं म्हणून आपल्या मनानं बंद करू नका. आजार हत्तीच्या पावलांनी येतो आणि मुंगीच्या पावलांनी जातो. सरकारची टेलि-मानस सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ हा नंबर फुकट लागतो, रात्री-बेरात्रीही, आणि मराठीत बोलता येतं. आजारी माणसासाठी तो आहेच, सांभाळून थकलेल्या बाईसाठीही आहे.

आणि एक मागणीचं. उद्या कुणी तुमच्या गटाला, आशाताईला किंवा शाळेतल्या बाईंना म्हणेल, “मानसिक आरोग्याचं प्रशिक्षण घ्या.” जरूर घ्या. पण घेण्याआधी तीन प्रश्न विचारा. आमच्या हाताबाहेरचं दिसलं, तर आम्ही कुणाला फोन करायचा, आणि तो माणूस उचलेल का? महिन्याला एकदा आमच्या अडचणी कोण ऐकेल? ह्या कामाचा वेळ आणि मोबदला कुठून येणार? ह्या तिन्हींची उत्तरं मिळाली तर ते प्रशिक्षण. नाही मिळाली, तर आपल्या डोक्यावर आणखी एक घागर.

अमृतसरला डॉक्टरांनी आईला नुसतं शिकवून घरी धाडलं नाही. तंबू दिला, सोबत दिली, रोज येऊन बोलले. तेवढं मागायचा हक्क आपल्याला आहे.

येत्या बैठकीत पैशांचा हिशेब झाला की अर्धा तास ठेवा. आपल्या वस्तीत आजारी माणसाला सांभाळणाऱ्या बायका कोण आहेत, ते आठवा. नाव चारचौघांत घेऊ नका. आळीपाळीनं एकेकीकडं जाऊन दोन तास तिच्या माणसाजवळ बसा, म्हणजे तिला जरा पाठ टेकता येईल. प्राथमिक आरोग्य केंद्रात मनाच्या आजाराचे डॉक्टर कोणत्या दिवशी येतात, गोळ्या असतात का, हे दोघींनी जाऊन विचारा. उत्तर लिहून घ्या आणि ग्रामसभेत वाचून दाखवा. येत नसतील, गोळ्या नसतील, तर तेही वाचा.